निकाल मान्य, सही अमान्य

सही न करणारा काउंटी मंडळाचा सदस्य हा अमेरिकी लोकशाहीतला आता चांगलाच रुळलेला प्राणी आहे. मतदान होतं, मोजणी होते, केंद्राकेंद्रावरच्या सह्यांच्या नोंदी आणि मतपत्रिकांची संख्या ताडून होते. उरतं एकच काम. मंडळाच्या बैठकीत, रस्त्याच्या खडीचं कंत्राट आणि मोकाट कुत्र्यांचा प्रश्न यांच्या मधोमध, बेरजेच्या कागदावर सही ठोकायची. नेमकं तिथेच साहेबांचं पेन अडतं. ‘मनाला पटत नाही,’ म्हणतात. पुरावा विचारला, तर मन हाच पुरावा! तिकडची मतपत्रिका लांबलचक असते. वर राष्ट्राध्यक्ष, खाली शेरीफ, न्यायाधीश, शाळा मंडळ, आणि पुष्कळ ठिकाणी मधेच कुठेतरी खुद्द हे साहेब. म्हणजे पहिल्या ओळीत घोटाळा आणि चार ओळी खाली साहेबांचा विजय तेवढा सोवळ्यातला. यंत्र तेच, कागद तोच, मोजणारी माणसंही तीच. शंका मात्र ओळ बघून येते.

आता म्हणाल, सदस्य म्हणजे काय रबरी शिक्का आहे? त्या एका कागदापुरता, होय, शिक्काच! चूक शोधायला पडताळणी आहे, फेरमोजणी आहे आणि निकालाला आव्हान द्यायला कोर्ट आहे. सप्तपदी उरकल्यावर भटजींनी ‘मुलगा मला पसंत नाही’ म्हणून लग्नच अडवावं, असा हा अधिकार कुणी दिलेला नाही. तिथली न्यायालयं एकोणिसाव्या शतकापासून बजावत आली आहेत की, हे काम बेरीज करून ती पुढे पाठवण्याचं, न्यायनिवाड्याचं नव्हे. 2020 नंतर अनेक राज्यांत हे नाटक रंगलं आणि कोर्टाचा आदेश आल्यावर किंवा नुसती त्याची चाहूल लागल्यावर बहुतेकांच्या पेनाला शाई फुटली. पेनसिल्वेनियाच्या कायद्याने तर माणसाचा स्वभाव आधीच ओळखलेला दिसतो. काउंटी कमिशनर स्वतः उमेदवार असला, की निवडणूक मंडळावर त्याच्या जागी न्यायाधीश किंवा दुसरा एखादा मतदार नेमायची तिथे तरतूद आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सत्ता स्थानिक हातांत राहिली तर वरच्यांची मनमानी चालत नाही. खरं आहे. तीन हजारांहून अधिक काउंट्यांत विखुरलेली निवडणूक एका खोलीत बसून पळवता येत नाही. पण स्थानिक सत्ता म्हणजे स्थानिक कामही आलं, आणि चीड येते ती इथे. मतदान यंत्रांचे पैसे, केंद्रांच्या जागा, हंगामी कर्मचाऱ्यांची मजुरी हे सारं पुष्कळ ठिकाणी याच मंडळाच्या हातात. त्यासाठी मोठं धैर्य लागत नाही, अंदाजपत्रक नीट वाचावं लागतं. ते वाचताना चार माणसांची मजुरी कापायची आणि नोव्हेंबरात ‘मोजणीला इतका वेळ का?’ म्हणून भुवया उंचावायच्या! तासन्‌तास रांगेत उभ्या राहिलेल्या मतदाराने काय पाप केलं? सही अडली, तर साऱ्या काउंटीची मतं राज्याच्या बेरजेतून गळण्याची वेळ येते; त्यात साहेबांना निवडून देणारेही आले. म्हणून कायद्यात एकच ओळ घालावी: मुदतीत सही झाली नाही, तर निकाल आपोआप पक्का, आणि साहेबांचा त्या महिन्याचा पगार मोजणीच्या टेबलावर रात्र जागवलेल्यांना वाटून टाकायचा.