वाटी नंबर दोन

निवृत्त विज्ञानशिक्षकाला ऐकणारं कुणी सापडलं की त्याचा घसा आपोआप साफ होतो. त्यातून मनूनेच विचारलं, "आजोबा, दुधाने खरंच उंची वाढते?" सूनबाई पेला घेऊन मागे उभ्याच होत्या. म्हटलं, प्रयोगच करू!

दोन वाट्यांत कापूस, त्यावर भिजवलेली मटकी. पहिलीला रोज चमचाभर दूध, दुसरीला पाणी. बाकी जागा, ऊन सगळं सारखं. "ही दुसरी म्हणजे कंट्रोल. हिच्याशी ताडून पाहिल्याशिवाय दुधाने काय झालं ते कळायचं नाही." धाकट्या चिनूने कंट्रोलमध्ये बोट घालून पाहिलं.

एवढ्यावर थांबेल तो मास्तर कसला! 1747 साली जेम्स लिंड नावाच्या डॉक्टरने 'सॉल्सबरी' जहाजावर स्कर्व्ही झालेले 12 खलाशी घेतले, त्यांच्या 6 जोड्या लावल्या. जेवण सगळ्यांना एकच. वर कुणाला व्हिनेगर, कुणाला सफरचंदाची दारू, कुणाला चक्क पातळ केलेलं गंधकाम्ल. मी हिरड्या दाखवल्या, डेकवर डुलत चाललो. संत्री-लिंबू मिळालेल्या जोडीतला एकजण आठवड्याच्या आत कामावर रुजू झाला, म्हणून सोफ्यावरून ताडकन उठूनही दाखवलं. कंबरेत उसण भरली, पण रंगलेला वर्ग कोण सोडतो?

"आणि बाकीचे?" मनूने विचारलं.

"एका जोडीला समुद्राचं पाणी."

"खारं? शेजारच्यांना संत्री मिळतायत हे त्यांना दिसत होतं?"

इतकी वर्षं हा प्रयोग शिकवला. निष्कर्ष लिहा म्हटलं की पोरं लिहायची, मी बरोबरची खूण करायचो. त्या दोघांबद्दल कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही. आणि लिंबाच्या रसाचा आरमारी हुकूम निघाला 1795 मध्ये! उत्तर हाताशी असताना 48 वर्षं माणसं दात पडून मरत होती. संताप येतो हो. हे मात्र मी मुलांना सांगितलं नाही.

इकडे सूनबाई खूश. "बाबा, तुमच्या प्रयोगापासून चिनू दूध निमूट संपवतो!" मी ते बागेतल्या कट्ट्यावर दोनदा ऐकवलं, दुसऱ्यांदा थोडं वाढवून.

मग खिडकीतून वास यायला लागला. दोन्ही वाट्यांतून.

"तिला कुणीच देत नव्हतं," चिनू म्हणाला. "म्हणून माझं दिलं."

मनूने वहीत निष्कर्ष लिहिला: दूध घेणारे नासतात. खाली माझी सही मागितली. सूनबाई पेला घेऊन मागे उभ्याच होत्या.