पालथा फ्लेक्स

बीड जिल्ह्यातल्या उमापुरात निवडणुकीची चाहूल आधी फ्लेक्सवाल्याला लागते. त्याचा प्रश्न एकच, "वरच्या ओळीत कोण कोण घ्यायचं?" खालच्या ओळीची काळजी नसते. शुभेच्छुक वर्गणी भरून आपोआप येतात. मधला 'भावी' कमरेपर्यंत, हात जोडून. वरची गोल गोल डोकी मात्र जपून लावावी लागतात. मागच्या वेळी ताटाएवढं असलेलं साहेबांचं डोकं यंदा वाटीएवढं करायचं की वगळायचंच, यावर दुकानात अर्धा तास खल होतो. मुंबईत पक्ष नेत्यापासून 'अंतर राखतो'. गेवराई-शेवगाव रस्त्यावर ते अंतर टेपने मोजता येतं.

बीड जिल्ह्याला या मोजमापाची सवय आहे. 2024 च्या विधानसभेत अजित पवारांच्या राष्ट्रवादीने जिल्ह्यातल्या सहापैकी तीन जागा घेतल्या. त्यात आमची गेवराईही आली, आणि परळीत धनंजय मुंडे 1 लाख 40 हजारांनी निवडून आले. तेव्हा त्यांचं डोकं परातीएवढं होतं.

त्याच वर्षी 9 डिसेंबरला जिल्ह्यातल्याच मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून करण्यात आला. सहाव्या दिवशी नागपुरात मुंडेंनी मंत्रिपदाची शपथ घेतली. पुढे आरोपपत्रात मुख्य सूत्रधार म्हणून वाल्मिक कराडचं नाव आलं. कराड मुंडेंचा किती जवळचा, हे सांगायला जिल्ह्यात आरोपपत्राची गरज नव्हती. मुंडे स्वतः या खटल्यात आरोपी नाहीत, हेही इथेच नोंदवून ठेवू.

मग डोकं लहान होऊ लागलं. जानेवारीत बीडचं पालकमंत्रिपद मुंडेंना न देता अजित पवारांनी स्वतःकडे घेतलं. माजलगावचे स्वपक्षीय आमदार प्रकाश सोळंके राजीनामा मागू लागले. 3 मार्चला खुनाचे फोटो बाहेर आले, महाराष्ट्राच्या घशाखाली घास उतरेना, आणि 4 मार्चला राजीनामा आला. मुंडेंनी कारणं दिली दोन, सदसद्विवेक आणि प्रकृती. अजित पवारांनी तिसरं जोडलं, नैतिकता. एका राजीनाम्याला तीन-तीन कारणं! त्याआधीच्या 85 दिवसांत मात्र एकही सापडत नव्हतं. सरपंचाचा जीव गेला तेव्हा पक्षाला कळलं नाही, त्याचा फोटो आला तेव्हा कळलं. फोटोवर चालणाऱ्या पक्षाला फोटोचीच भाषा समजते.

बरं, काढलं ते मंत्रिमंडळातून, पक्षातून नाही. मे महिन्यात त्यांचं अन्न व नागरी पुरवठा खातं छगन भुजबळांकडे गेलं. सप्टेंबरात मुंडेंनी कर्जतच्या जाहीर कार्यक्रमात प्रदेशाध्यक्ष सुनील तटकरेंकडे काम मागितलं, रिकामं ठेवू नका म्हणाले. कामासाठी जिल्ह्याबाहेर जायचं ही बीडची जुनी रीत. ऊसतोड्याला निदान मुकादमाची उचल आधी मिळते.

हे एकाच पक्षाचं दुखणं म्हणावं, तर तसंही नाही. 1999 च्या फेब्रुवारीत शिवसेनेने मनोहर जोशींना उतरवून नारायण राणेंना मुख्यमंत्र्याच्या खुर्चीत बसवलं. निवडणूक त्याच वर्षी झाली आणि युतीची सत्ता गेली. काँग्रेसचा हात अधिक मुरलेला. 2003 च्या जानेवारीत शेजारच्या लातूरचे विलासराव देशमुख उतरले, सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे बसले. 2004 ची निवडणूक शिंदेंच्या तोंडावर लढवली, जिंकली, आणि नोव्हेंबरात मुख्यमंत्री कोण? विलासराव! मत मागायला एक तोंड, राज्य करायला दुसरं.

मतदार इतका भोळा असतो का? नसतो, मधल्या वर्षांनी त्याला शिकवलंय. बीडच्या जिल्हा परिषदेची मागची निवडणूक 2017 ची. 2022 मध्ये मुदत संपली आणि प्रशासक आला. या काळात एका राष्ट्रवादीच्या दोन झाल्या आणि एका सेनेच्याही दोन. कोणता फोटो कोणत्या चिन्हाशेजारी लावायचा हे कार्यकर्त्यालाही पाठ होईना. उमापूरकराने मात्र यातून एक शहाणपण कमावलं. जुना फ्लेक्स तो फेकत नाही. पाऊस आला की वेचलेल्या कापसावर टाकतो, कडब्याच्या गंजीवर बांधतो, तोडीला निघताना कोपीसाठी गुंडाळून नेतो. टाकताना छापील बाजू खाली करतो. आभाळाकडे पांढरी पाठ, कापसाकडे साहेबांचं हसू.

पक्षही तेच करतो. नेता टाकून देत नाही, वादळ असेपर्यंत पालथा घालतो. ऊन पडलं की उलटवायचा, झटकायचा, वरच्या ओळीत टांगायचा. फरक एवढाच की शेतकऱ्याच्या फ्लेक्सखाली कापूस कोरडा राहतो. पक्षाच्या फ्लेक्सखाली काय काय झाकलं होतं, ते मस्साजोगला विचारा.