पुरोहित प्रशासक आणि अडतीस लिटर

आमच्या भाच्याला गेल्या महिन्यात एका गावाचा कारभार मिळाला. पगार नाही, गाडी नाही, पण सही त्याचीच. गाव अर्थात कागदावर आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा 1974 साली अमेरिकेत निघालेला खेळ नालासोपारा पूर्वेच्या आमच्या सोसायटीच्या ऑफिसात पोचायला पन्नास वर्षं लागली. चार पोरं, वीस बाजूंचा फासा आणि वेफर्सचं पाकीट. भाचा त्यात पुरोहित आहे. गावचा सरदार ड्रॅगनच्या धाकाने पळाला आणि रिकाम्या खुर्चीत हा बसला.

“निवडणूक कधी?” मी विचारलं.

“मामा, गेममध्ये निवडणूक नसते.”

“मग तू प्रशासक.”

प्रशासक म्हणजे काय, हे वसई-विरारकरांना शिकवायला नको. आमची महापालिका 2009 ची. नगरसेवकांची मुदत 2020 च्या जूनमध्ये संपली आणि पुढचं मतदान उजाडलं ते 2026 च्या जानेवारीत; तोवर कारभार प्रशासकाकडे. 2020 ला पहिलीत गेलेली पोरं मधल्या काळात सहावीत पोचली. नगरसेवक हा प्राणी त्यांनी डायनोसॉरसारखा पुस्तकातच पाहिला.

तर पुरोहिताच्या हाती सत्ता काय? मंत्र. त्यांतला एक ऐकून मी खुर्ची पुढे ओढली. पाणी निर्माण करण्याचा मंत्र! एकदा म्हटला की दहा गॅलन, म्हणजे साधारण अडतीस लिटर. वीस लिटरचे दोन जार, तेही मापात दोन लिटर मारलेले. इतका अस्सल तपशील अमेरिकेत बसून कसा सुचला कोण जाणे. नवशिक्या पुरोहिताला दिवसाला असे दोनच मंत्र झेपतात, मग आठ तास विश्रांती. मी बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. दहा हजार लिटरचा एक टँकर भरायला 132 दिवस.

भाच्याला वाटलं मी हसणार. मला तर हेवा वाटला. 132 हा निदान आकडा आहे. आम्ही टँकरवाल्याला फोन केला की “निघालाय” एवढंच ऐकू येतं.

“आपल्याकडे असा राज्य करणारा पुरोहित झालाय का?” त्याने विचारलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आठवले. 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. वसई ओळखते ती ‘हरित वसई’च्या लढ्यामुळे. पण ते खुर्चीसमोर उभे राहिले, खुर्चीत बसले नाहीत. भाच्याच्या मते गेममध्ये याचे पॉइंट मिळत नाहीत.

उलटा प्रकार मात्र सोपाऱ्याने बघितलाय, म्हणजे राजाच प्रवचनकार. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथला बुरुड राजाचा कोट खणला आणि आत स्तूप निघाला. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नववा 1956 साली शेजारच्या भुईगावात. आठव्यात राजा सांगतो की शिकारीच्या सहली बंद, आता धर्मयात्रा. (हल्ली याला अभ्यासदौरा म्हणतात, आणि शिकारही बंद नसते.) नववा जास्त झोंबणारा आहे. आजारपण, लग्न, बारसं, प्रवास, प्रत्येक वेळी लोक नाना विधी करतात; करा बापडे, पण त्यांचं फळ थोडं. नोकरचाकरांशी नीट वागा, वडीलधाऱ्यांचा मान ठेवा, हा खरा विधी.

दोन्ही दगड आता मुंबईच्या संग्रहालयात आहेत. सोपाऱ्याचा दगडसुद्धा शेवटी मुंबईलाच कामाला गेला. फक्त तो संध्याकाळी परत येत नाही.

आणि नववा लेख इथे नाही, हे आम्हाला गेल्या रविवारी नडलं. सोसायटीने वर्गणी काढून नवी मोटर आणली. सेक्रेटरी म्हणाले, पूजा केल्याशिवाय बटण दाबायचं नाही. गुरुजींनी मुहूर्त काढला अकरा वीसचा. मोटरला हार, पाइपला हळदकुंकू, स्विचबोर्डवर स्वस्तिक. अकराला पाच कमी असताना पाणी आलं. खालच्या टाकीत धार पडल्याचा आवाज दुसऱ्या मजल्यावर ऐकू गेला. बायका बादल्या घेऊन जिन्यात उभ्या. वरच्या टाक्या कोरड्या ठणठणीत. वॉचमनचा हात दोनदा स्विचकडे गेला, दोनदा सेक्रेटरींनी डोळे वटारले. चौदा मिनिटांनी धार थांबली. टाकीत पाणी किती, तर मोटरचा फुटव्हॉल्व्हही बुडेना.

बरोबर अकरा वीसला नारळ फुटला, बटण दाबलं, मोटर कोरडीच घरघरली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

“मामा,” भाचा कानात म्हणाला, “आमच्यातही काही मंत्र विधी करून म्हटले की दहा मिनिटं जास्त लागतात. पण ड्रॅगन दारात असला की कोणी विधी करत बसत नाही.”

मी त्याला गप्प केलं. गुरुजींची दक्षिणा द्यायची होती, आणि सुटे माझ्याकडेच होते.