देवमाशाची एन्ट्री

देवमाशावर बाहुल्यांचा खेळ करायचा म्हटलं की पहिली अडचण नटाच्या मापाची. पात्र चाळीसेक फुटी आणि रंगमंच खाटेएवढा!

कुडाळजवळच्या पिंगुळीत यावर तोड आहे. तिथल्या ठाकर कलावंतांनी चित्रकथी जपली, कळसूत्री बाहुल्या जपल्या. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ साली पद्मश्रीही जाहीर झाली. शिवाय तिथे चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ आहे. बाहुली दिव्याकडे सरकवत नेली की सावली पडदाभर होते. समुद्र ओलांडणारा हनुमान असा वाढवता येतो, मग देवमाशानंच काय घोडं मारलंय?

त्यातून हा नट भलताच मोजका. सिंधुदुर्गच्या समुद्रात ब्राइड्स जातीचा देवमासा दिसतो म्हणजे काय दिसतं? एक फवारा, काळसर पाठ, पाठीच्या मागच्या अंगाला छोटासा वाकडा पर, की प्रवेश संपला. शेपूटसुद्धा सहसा दाखवत नाही.

विदूषकालाही काम तयार आहे. पेपरात देवमासा येतो तो बहुधा उलटीपुरता: इतक्या कोटींची जप्त, इतके जण अटकेत. स्पर्म व्हेलच्या आतड्यातला हा मेणचट गोळा विकणं गुन्हा आहे, हे सांगायला कलमं कशाला वाचायची? विदूषक तो धोतरात लपवायला लागला आणि मागे हवालदार उभा राहिला, की पुरे.

खरं नाट्य मात्र जाळ्यात. श्वासासाठी वर यावं लागणारा हा जीव जाळ्यात गुरफटला की गुदमरून मरतो. बाहुली दोरीवर जगते, हा दोरीनं जातो. म्हणून नायक देवमासा नव्हे, जाळं कापायचं की नाही हे ठरवणारा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या. आणि तो कळसूत्रीच हवा. सुरी धरलेला हात स्वतःच्याच जाळ्यावर येऊन दोनदा थबकला पाहिजे. सूत्रधाराच्या बोटात ते कसब असतं.

उपदेश नकोच. नोव्हेंबर २०२३मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचं पिल्लू अडकलं, तेव्हा त्याच्यावर पाणी ओतत, ओढत, ढकलत माणसांनी जिवाचं रान केलं. ते वाचलं नाही. पण कोकणाला माया शिकवायची गरज नाही, एवढं कळलं. अडतं ते पोटापाशी. संरक्षित जीव सोडवायला जाळं कापणाऱ्याला राज्य सरकारनं २०१८पासून पंचवीस हजारांपर्यंत भरपाई ठेवली आहे. ती खेळात आलीच पाहिजे.

मग खेळ संपल्यावर पुढच्या रांगेतला एखादा तांडेल उठून विचारील, "जाळा कापूक हरकत नाय, पण पैसे कधी गावतले?"

आयोजकांनी यावर कपाळाला आठ्या घालू नयेत. जो भरपाईचा हिशेब मांडायला लागला, त्यानं मनातल्या मनात जाळं कापलेलं असतं.