जसं आलं तसं पाठोलं

धामणगाव रेल्वेत पहाटेच्या गाडीला अजून सिग्नल मिळायचा असतो, पण ज्ञान पोचलेलं असतं. आधी गुलाबाच्या फुलासह शुभ सकाळ, मागोमाग नासा, आणि चहाला उकळी फुटेपर्यंत युनेस्को. आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम असल्याचा निर्वाळा युनेस्कोनं कधीच दिलेला नाही, तरी व्हॉट्सअॅपच्या गटात तो दर पंधरा ऑगस्टला ताजा ताजा मिळतो.

ऑगस्ट हा तसा मंगळाचाही महिना. आकाशात दोन चंद्र दिसणार, पोरांना उठवून दाखवा! 27 ऑगस्ट 2003 रोजी मंगळ खरोखर जवळ आला होता. जवळ म्हणजे साधारण साडेपाच कोटी किलोमीटरवर. 75 पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून तो साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा वाटेल, असं मूळ मजकुरात होतं. पुढं पाठवता पाठवता दुर्बीण बडनेऱ्याच्या आसपास कुठंतरी गळाली, साल पुलगावला उतरलं. मंगळ तेवढा धामणगावात मुक्कामी राहिला.

“खरं हाये काय हे, भाऊ?” असं कुणी विचारलंच, तर उत्तर तयार असतं : “जसं आलं तसं पाठोलं.”

1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावानं पाच जणांना ठार मारलं. ती अफवाही तशीच आलेली, तशीच पाठवलेली. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी धाडता येईल, अशी मर्यादा घातली. गटातल्या जाणत्यांनी त्यावर तोडगा काढला : पाच-पाच करून पाठवायचं.

खरं तर अमरावतीला शाळा शिकलेल्या श्रीधर व्यंकटेश केतकरांनी शंभर वर्षांमागं 23 खंडांचा ज्ञानकोश मराठीत उभा केला. आज तो इंटरनेटवर फुकट वाचता येतो, विश्वकोशही येतो. अडचण एवढीच, की त्यांच्या नोंदींच्या शेवटी “दहा जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत चांगली बातमी येईल” असं लिहिलेलं नाही.

खरी नवलंही घडतातच. वऱ्हाडात गुलाबी म्हटलं की आधी बोंडअळी आठवते. पण जून 2020 मध्ये लोणारच्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले. पाणी आटून खारटपणा वाढला, खाऱ्या पाण्यात तगणारे सूक्ष्मजीव फोफावले आणि त्यांच्या रंगद्रव्यानं तळं रंगलं, असा उलगडा झाला. हे तळं ज्या विवरात आहे ते उल्केच्या आघातानंच झालं, हे 1973 साली ‘सायन्स’मध्ये छापून आलं होतं. शिवाय या रंगबदलाची छायाचित्रं लँडसॅट-8 उपग्रहानं टिपली आणि ती चक्क नासानंच प्रसिद्ध केली.

एखादे मास्तर हे सगळं दुव्यासकट गटात टाकतात. दुवा कुणी उघडत नाही. दुपारपर्यंत एकच अंगठा येतो, तोही बहुधा चुकून दाबलेला. मग चार वर्षं मंगळ दाखवणारे काका जागे होतात :

“मास्तर, हे पक्कं हाये काय? उगी अफवा नोका पसरवू गटात.”