मुलाबाळांसह नाशकात घर शोधणे

(रंगमंचावर उंच मेज, त्यावर जाडजूड ग्रंथ. मागे नाशिकचा नकाशा. ग्रंथवाचक चष्मा पुसतो, पान लावतो आणि वाचू लागतो. प्रयोग संपेपर्यंत तो एकदाही हसत नाही.)

नाशकात बाहेरगावाहून येऊन जागा शोधणारे सर्वांत जुने ज्ञात कुटुंब अयोध्येचे. माणसे तीन, सामान बेताचे. रामायणात पंचवटीची शिफारस अगस्त्य ऋषी करतात. तिथे पोचल्यावर नेमकी जागा कोणती, हे रामाने लक्ष्मणाला ठरवायला सांगितले. लक्ष्मणाने ते परत रामावर सोपवले. शेवटी रामाने गोदावरीजवळची सपाट जागा दाखवली आणि कुटी लक्ष्मणाने बांधली. एकाने बोट दाखवायचे आणि दुसऱ्याने सामान उचलायचे, ही पद्धत घर बदलताना आजही पाळली जाते. ऋषींनी दलाली घेतल्याचा उल्लेख सापडत नाही. शेजारपाजाराची चौकशी मात्र राहून गेली.

(थांबतो. स्वतःच्या नाकाला हात लावून ते जागेवर असल्याची खात्री करतो.)

गावाला नाव नाकाच्या त्या प्रकरणावरून पडले, असे मानतात. या कुटुंबाबरोबर लहान मूल नव्हते. त्यामुळे निर्णय एका दुपारीत झाला.

(पान उलटतो. छडीने नकाशाकडे.)

नाशिक महानगरपालिका ७ नोव्हेंबर १९८२ रोजी अस्तित्वात आली. नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका, शिवाय भोवतालची गावे एकत्र झाली. कागदावर झाली. बोलण्यात अजून झालेली नाहीत. नाशिकरोडचा माणूस आजही ‘नाशिकला जाऊन येतो’ म्हणून निघतो. सिडकोतली गृहिणी साडी घ्यायला ‘गावात’ जाते. पंचवटीतले आजोबा सकाळी ‘गंगेवर’ जातात. ही गंगा म्हणजे गोदावरी. नवख्या मुलाने भूगोलाच्या पुस्तकाच्या आधारे दुरुस्ती सुचवू नये. ‘नवीन नाशिक’ हे नाव महापालिकेच्या फलकावर आढळते. रिक्षावाल्याला ते सांगितल्यास तो मागे वळून विचारतो, ‘म्हणजे सिडकोच ना?’ सिडकोत पुन्हा पहिली योजना ते सहावी योजना असे पत्ते असतात. मायको सर्कलची कंपनी २००८ मध्ये नाव बदलून बॉश झाली. सर्कलला कोणी कळवले नाही.

अंतर मोजण्याचे नाशिकचे एकक ‘दहा मिनिटं’ हे होय. कॉलेजरोडवरून गंगापूररोड दहा मिनिटं. पाथर्डी फाट्यावरून नाशिकरोड दहा मिनिटं. म्हसरूळहून अंबड, तेही दहा मिनिटं. वाटेत द्वारका चौक किंवा इंदिरानगरचा बोगदा लागल्यास एकक बदलत नाही, मिनिट लांबते.

घर शोधणाऱ्या कुटुंबात सर्वसाधारणपणे चार मते आढळतात. वडिलांना कंपनी जवळ हवी असते, आणि कंपन्या सातपूरला, अंबडला, सिन्नरला, विमाने बनवणारी तर थेट ओझरला. आईला शाळा जवळ हवी असते. आजीला गंगा जवळ हवी असते. मुलाला घसरगुंडी हवी असते. नाशिकरोडच्या छापखान्यात देशाच्या नोटा छापल्या जातात, यामुळे त्या भागात भाडे भरावे लागत नसेल, असा प्रश्न एका सहा वर्षांच्या मुलाने विचारला आहे. भरावे लागते.

वाहतुकीचा तपशील थोडक्यात. महापालिकेची स्वतःची सिटीलिंक बस जुलै २०२१ मध्ये रस्त्यावर आली. त्याआधी शहरातही एसटीच धावे. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रो निओसाठी २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले. रबरी टायरची, वरच्या विजेच्या तारेवर चालणारी ही गाडी गृहप्रकल्पांच्या माहितीपुस्तिकांत ताबडतोब धावू लागली. तेव्हा बालवाडीत असलेली मुले आता पाढे म्हणतात. पुस्तिकेतले स्टेशन मात्र अजून ‘दोन मिनिटांवर’ आहे. इथे दोन मिनिटे हे एकक प्रथमच आढळते.

(पाणी पितो. पेल्यात किती उरले ते डोळे बारीक करून पाहतो.)

पाण्याचे दोन प्रश्न असतात. नळाला किती येते आणि नदीला किती येते. पहिल्याचे उत्तर घरमालक देतो, म्हणून ते वॉचमनच्या बायकोकडून तपासून घ्यावे. दुसऱ्याचे उत्तर रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती देतो. पाटबंधारे खाते विसर्गाचे आकडे क्युसेकमध्ये सांगते, शहर मारुतीच्या अंगावर मोजते. गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले. गळ्याशी आले की पोरांना खांद्यावर घेऊन पूर दाखवायला माणसे निघतात; पोलीस त्यांना परत पाठवायला निघतात. १९६९ आणि २००८ चे पूर जुन्या नाशकात अजून कालच्यासारखे सांगितले जातात. नदीकाठच्या जागेसाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात. निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. एजंट या दोहोंना मिळून ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणतो.

‘निसर्गाच्या सान्निध्यात’ या शब्दांचीही फोड करून घ्यावी. शहराच्या कडेला मळे आहेत, मळ्यात ऊस आहे, उसात बिबट्या आहे. जानेवारी २०१९ मध्ये तो गंगापूररोडच्या सावरकरनगरात, बंगल्यांच्या आवारात आला होता. त्याने टू बीएचके पाहिला की थ्री, याची नोंद नाही. सोसायटीच्या गेटवर ‘पाळीव प्राण्यांना मनाई’ लिहिलेले असते. त्यात तो बसत नाही.

पंचवटी आणि तपोवन परिसरात घर घेताना सिंहस्थ कुंभमेळ्याचे वर्ष पाहावे. मागचा २०१५ मध्ये झाला, पुढच्याची मुख्य स्नाने २०२७ मध्ये आहेत. शाळेची व्हॅन कोणत्या बॅरिकेडपर्यंत येईल, हे पर्वणीच्या दिवशी पोलीस ठरवतात. त्या वर्षी रामकुंडापासून चालत पोचता येईल अशा प्रत्येक घराला नवे नातेवाईक फुटतात. आईच्या मामेसासूच्या जावेची बहीण ‘फक्त एक डुबकी’ म्हणून येते आणि आठ दिवस राहते. मुलांचा अभ्यास गॅलरीत जातो.

(पान उलटतो. पुढचे पान इतके जाड की दोन्ही हातांनी उलटावे लागते.)

शाळा. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार खासगी विनाअनुदानित शाळांत पहिल्या प्रवेशवर्गाच्या पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखीव असतात, आणि महाराष्ट्रात त्यासाठी घर व शाळा यांतले अंतर पाहिले जाते. एक किलोमीटरच्या आतले आधी, तीनपर्यंतचे नंतर. अर्ज भरताना नकाशावर घराच्या जागी खूण करावी लागते. त्यामुळे सायबर कॅफेत एक वडील ती खूण बोटाने हळूच शाळेकडे सरकवताना आणि आई ती परत घरी आणताना दिसते. घर वीट-सिमेंटचे असल्याने ते सरकत नाही. बाकीच्यांना अंतराची अट नसते. त्यांना फक्त फीची असते. शाळेत मुलाची मुलाखत घ्यायला कायद्याने बंदी आहे. त्यामुळे मुलाला नाव विचारतात, रंग विचारतात, आणि ‘बाबा काय करतात?’ विचारतात. ‘मोबाइल बघतात’ हे उत्तर सर्वत्र आढळते.

नंतर प्रत्यक्ष घर पाहणे. त्याचा एक नमुना संवाद पुढे दिला आहे. स्थळ इंदिरानगर, दुसरा मजला.

(चष्मा कपाळावर चढवतो. आवाज बदलतो, चेहरा तोच.)

घरमालकीण काकू : मुलं किती म्हणालात?
वडील : दोन, काकू. अगदी शांत आहेत.
(आतून काहीतरी पडल्याचा आवाज.)
काकू : भिंतीवर लिहितात का?
आई : छे! वह्या आहेत ना त्यांना.
काकू : आत्ताच रंग दिलाय हो. नव्वद हजार गेले.
एजंट : वहिनी, व्हेंटिलेशन बघा. सकाळचं ऊन, संध्याकाळचा वारा.
काकू : धाकटा कुठाय?
आई : इथेच होता.
काकू : त्याच्या हातात काय आहे?

(दीर्घ विराम. चष्मा परत नाकावर.)

या ठिकाणी व्यवहार पुढे गेला नाही. ‘शांत आहेत’ हे विधान मुले खालीच ठेवून करावे, असे अनुभवी कुटुंबे सांगतात. मुले सोबत असल्यास त्यांच्या हाती चिक्कीची वडी द्यावी. तोंड आणि दोन्ही हात एकाच वेळी चिकटतात.

करार अकरा महिन्यांचा असतो. बारावा महिना कुठे जातो, हे मूल विचारते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. या कलमाचा उल्लेख होताच बहुतेक मालक चहा टाकायला आत जातात.

शेजाराची पाहणी संध्याकाळी साडेसहाला करावी. त्या वेळी पार्किंगमध्ये मुले क्रिकेट खेळत असतील तर ती सोसायटी राहण्याजोगी. पार्किंग शांत असेल आणि ‘येथे खेळू नये’ असा फलक असेल, तर अध्यक्षांची नातवंडे परदेशी आहेत असे समजावे.

अशा रीतीने एका कुटुंबाने तीन रविवार घालवून पाथर्डी फाट्याजवळचे घर निश्चित केले. कंपनी दहा मिनिटं, पाणी दोन वेळा, पूररेषा लांब, ऊस आणखी लांब, खाली घसरगुंडी. आजीने गंगेचा हट्ट सोडला, तिला रिक्षाचे पैसे देण्याचे ठरले. शाळा कॉलेजरोडला मिळाली. डिपॉझिट दिले. शेवटचा फोन व्हॅनवाल्या काकांना लावण्यात आला.

(ग्रंथाच्या पानांतून मोबाइल काढून कानाला लावतो. ऐकतो.)

‘कुठे म्हणालात?’

(ऐकतो.)

‘नाही ताई, बोगद्याच्या पलीकडे आपण येत नाही. महात्मानगरला बघा ना घर. तिथून पोरं उचलतो आपण. एक सीट आहे.’

(ग्रंथवाचक फोन खाली ठेवतो. खिशातून पेन्सिल काढतो. नकाशावरची पाथर्डी फाट्याची खूण थुंकी लावून पुसतो आणि महात्मानगरवर नवी खूण करतो. मग मान वर करून विंगेत विचारतो.)

सीट एकच आहे म्हणाले. मुलं दोन आहेत ना?

(अंधार.)