तेरवीनंतरचे अध्यक्ष

नागपूरच्या गंगाबाई घाटावर राख सावडून झाली, तेरवीचं जेवण झालं, दिवाणखान्यातल्या फोटोला हार चढला, तरी महालातल्या जुन्या संस्थेचे काकाजी अध्यक्षपदावर कायम असतात. सार्वजनिक न्यासाचा विश्वस्त कोण, हे यमाची वही ठरवत नाही. धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतलं परिशिष्ट एक ठरवतं. त्यातून नाव कमी करायचं तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 22 खाली बदल अर्ज टाकावा लागतो.

मुदत 90 दिवस. ती हुकली की विलंबमाफीचा वेगळा अर्ज. सोबत सभेची नोटीस, ठराव, नव्या माणसाचं संमतीपत्र, प्रतिज्ञापत्र. पायउतार झालेल्या जिवंत विश्वस्ताची ना हरकतही जोडतात; मृताची मागत नाहीत, एवढी मेहरबानी.

2017 च्या दुरुस्तीनं गती आणली म्हणतात. 15 कामकाजाच्या दिवसांत बदल तात्पुरता मंजूर, मग 30 दिवस आक्षेपांसाठी. आता नागपुरात आक्षेपाला माणूस मिळणार नाही, असं होईल का? ज्याच्या पुतण्याचं चिटणीसपद हुकलं, तो इतवारीतून स्कूटर काढून येतोच. सभेची नोटीस मिळाली नाही, गणपूर्ती नव्हती, ठरावावरची सही खोटी. झालं, चौकशी सुरू, तारखा सुरू. दरम्यान पाच वर्षं सरतात, नवी निवडणूक होते, तिचा बदल अर्ज आधीच्या अर्जावर चढून बसतो, दोन्ही गट आपापला अर्ज टाकतात, आणि या सगळ्या मंडळींत वादातीत असे एकटे काकाजीच उरतात, कारण त्यांची नोंद कोणी नाकारलेलीच नाही.

बँकेला परिशिष्ट एकचा उतारा लागतो. उताऱ्यावर काकाजी, धनादेशावर सही काकाजींची. एखाद्या मास्तरणीनं आयुष्यभराची पुंजी गरीब मुलींच्या शिष्यवृत्तीसाठी ठेवलेली असते. त्या ठेवीचं व्याज साचत राहतं आणि मुली सावकाराकडून पैसे घेऊन फी भरतात. हा गलथानपणा नव्हे, चोरी आहे. मरणाऱ्या बाईनं विश्वासानं दिलेला पैसा जिवंत माणसांनी खुर्चीसाठी अडवून धरायचा, आणि वर दरवर्षी तिच्या फोटोला हार घालून नारळ फोडायचा! लाज म्हणून काही?

मागल्या अर्जातले नवे अध्यक्षही आता ऐंशीला टेकलेले. मे महिन्याच्या उन्हात ते तारखेला येतात, तेव्हा वकीलसाहेब प्रेमानं पाणी पुढं करतात. "घाई कायले करता भाऊसाहेब? काकाजीचं अन् तुमचं, दोन्ही संगच निपटवून टाकू."